आत्ता की उद्या सकाळी

दातांच्या दवाखान्यात सर्वांत मोठ्याने कण्हणारा रुग्ण सहसा सर्वांत गंभीर नसतो. हे वाक्य निष्ठुर वाटेल याची मला कल्पना आहे. पण बार्शीतल्या एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून, नंबर लावून, पावत्या फाडून आणि लोकांचे रात्री-अपरात्रीचे निरोप डॉक्टरांपर्यंत पोहोचवून माझी जी वर्षे गेली, त्यांतून हाती लागलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. कॉमर्सची पदवी घेऊन हिशेब ठेवायला म्हणून इथे लागले. परंतु कोणाला आत्ता बोलवायचे, कोणाला सकाळी, आणि कोणाला आमच्या पायऱ्यासुद्धा न चढता थेट सोलापूर गाठायला सांगायचे, हा पहिला निवाडा फोन उचलणाऱ्यालाच करावा लागतो. डॉक्टरांनी त्यासाठीचे प्रश्न मला शिकवले, आणि ते विचारता विचारता प्रत्येक प्रश्नामागचे कारणही मी त्यांच्याकडून काढून घेत गेले.

फोनवर माणूस आधी दुखण्याचेच वर्णन करतो. दाढ ठणकते आहे, कळ कानात जाते, अर्धे डोके धरले आहे, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हे सगळे मी ऐकून घेते, कारण त्याशिवाय पुढचे काहीच समोरच्याच्या कानात शिरत नाही. मात्र डॉक्टरांनी घालून दिलेला पहिला प्रश्न ‘किती दुखते’ हा नाही. ‘थुंकी गिळता येते का’ हा आहे. लोक चक्रावतात. एका आजोबांनी तर “दाढेचं विचारा की ताई, घशाचं काय काढलंय” म्हणून मलाच सुनावले होते. मग तोंड उघडल्यावर स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, सूज असेल तर ती गालावर आहे की जबड्याच्या खाली, काल संध्याकाळपेक्षा आज वाढली आहे का, अंगात ताप आहे का, साखरेचा आजार आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, असे करत करत दुखण्याची चौकशी अगदी शेवटी येते, आणि खरे सांगायचे तर तोपर्यंत निर्णय झालेला असतो.

ज्या दुखण्याने माणूस भिंतीवर डोके आपटायच्या बेतात येतो, ते बहुधा दाताच्या नसेचे असते. दाताच्या पोटातल्या या मऊ भागात मज्जातंतू असतात तशा रक्तवाहिन्याही असतात, आणि तो भाग चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो. हाताला किंवा पायाला सूज आली तर तिला फुगायला जागा मिळते. दातात ती मिळत नाही, त्यामुळे दाब वाढतो आणि तो सगळा मज्जातंतूंवर येतो. माणूस आडवा झाला की डोक्याकडे येणाऱ्या रक्ताचा जोर वाढतो, म्हणून दिवसभर कशीबशी सोसलेली दाढ अंथरुणाला पाठ टेकताच सणकू लागते. असे लोक रात्री खुर्चीत बसून असतात. काहींना गार पाण्याची चूळ तोंडात धरली की तेवढ्यापुरते बरे वाटते, आणि मग ते गार पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन बसतात. ही खूण डॉक्टरांना पुरेशी बोलकी असते, कारण नसेची सूज आता मागे फिरण्यापलीकडे गेली आहे आणि दाढ उघडून रूट कॅनल करणे किंवा ती काढणे यांवाचून गत्यंतर नाही, हे त्यातून कळते. एवढे असूनही, सूज नसेल, ताप नसेल, गिळणे नीट असेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर हे दुखणे सकाळपर्यंत थांबू शकते. थांबणे सोपे असते असे मी म्हणत नाही. थांबल्याने जिवाला धोका होत नाही, एवढेच म्हणते.

ती रात्र काढायला काय घ्यावे हे डॉक्टर फोनवर सांगतात. ज्याला पोटाचा अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा रक्त पातळ होण्याचे औषध यांपैकी काहीही नाही, अशा मोठ्या माणसाला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी पोटात काही खाल्ल्यावर घेतली असता दातदुखीवर चांगली लागू पडते. गरोदर बाईला आयबुप्रोफेन नको. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर तेही नको आणि ॲस्पिरिनही नको. पॅरासिटामॉल साधे औषध म्हणून तासातासाला घेणारे लोक मी पाहिले आहेत. मोठ्या माणसानेही दिवसभरात ४ ग्रॅमच्या पुढे जाता कामा नये, आणि यकृत अशक्त असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याच्या खूप अलीकडे थांबावे. शिवाय सर्दीतापाच्या गोळ्यांतही तेच औषध असते आणि ते हिशेबात धरायचे राहून जाते.

मेडिकलमध्ये जाऊन “दाढेच्या गोळ्या द्या” म्हटले की कागदात बांधून जी पुडी मिळते, तिच्याबद्दल मात्र माझे मत फार वाईट आहे. तिच्यात एक वेदनाशामक, एक ॲसिडिटीची गोळी आणि एखादे अँटिबायोटिक असते. रुग्ण दोन वेळा घेतो, बरे वाटले की उरलेल्या गोळ्या देवघराच्या खणात ठेवतो आणि पुढच्या महिन्यात सुनेची दाढ दुखली की तिला देतो. नसेच्या नुसत्या दुखण्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. ते दुखणे जंतू रक्तात पसरल्याचे नसून कोंडलेल्या सुजेचे आहे, आणि मरू घातलेल्या नसेपर्यंत औषध पोहोचवायला तिथला रक्तपुरवठाच धड उरलेला नसतो. आराम पडतो तो वेदनाशामकाने, आणि श्रेय मिळते अँटिबायोटिकला. पू पसरून ताप आला, सूज वाढू लागली, तर अँटिबायोटिक लागते. पण तेव्हाही ते दाढ उघडण्याच्या किंवा काढण्याच्या जोडीला लागते, त्याऐवजी नव्हे.

घरगुती उपायांना मी सरसकट नावे ठेवणार नाही. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने जागा खरोखरच बधिर होते, आणि कीड लागून पडलेल्या खड्ड्यात तेलात बुडवून पिळलेला कापसाचा लहानसा बोळा ठेवला तर रात्र निघते. तेच तेल बाटलीतून हिरडीवर ओतले की हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी गालात दाबून ठेवणाऱ्यांच्या गालाच्या आत पांढरी, सोललेली कातडी दिसते. गोळी पोटात जाऊन काम करते, हिरडीला लावून नव्हे. मशेरीने किंवा तंबाखूच्या चिमटीने दुखणे थांबते असे सांगणाऱ्या बायका आमच्याकडे रोज येतात. त्यांतल्या बहुतेकींना तिची सवय दाढेच्याच निमित्ताने लागलेली असते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा पाडणारे लोक आजही बाजाराच्या दिवशी भेटतात. दातात किडा असतो ही समजूत जगभर होती आणि अठराव्या शतकात प्येर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने ती खोडून काढली, तरी धुरीनंतर वाटीत पडलेले पांढरे काहीतरी दाखवणारा माणूस अजून पोट भरतो आहे. गरम मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आतून कराव्यात, त्याने बरेच वाटते. बाहेरून तव्यावर कापड तापवून शेकण्याला मात्र आमच्या डॉक्टरांचा सक्त विरोध आहे, कारण आतला पू त्या उष्णतेने गालाच्या कातडीकडे ओढ घेतो आणि फुटला तर चेहऱ्यावर कायमचा खळगा पडतो. शेकायचेच असेल तर बाहेरून गार शेकावे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हे प्राणांतिक दुखणे कधीकधी एके दिवशी आपोआप थांबते. माणूस पेढे वाटायच्या आनंदात असतो. प्रत्यक्षात नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, पण तिच्यातले जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे सावकाश पू धरतो. त्याला वाट मिळाली तर हिरडीवर बारीकशी पुटकुळी येऊन तो वाहत राहतो, तोंडाला खारट-कडू चव येते, आणि लोक वर्षानुवर्षे तसेच काढतात. वाट मिळाली नाही, किंवा भलतीकडे मिळाली, तर गोष्ट वेगळी होते.

त्या वेगळ्या गोष्टीचा चेहरा मी पाहिला आहे. पन्नाशीचा एक शेतकरी मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून आला होता. त्याच्या खांद्यावर टॉवेल होता आणि दर मिनिटाला तो टॉवेलच्या टोकाने ओठांच्या कडेची लाळ टिपत होता. हनुवटीपासून गळ्यापर्यंतचा भाग दोन्ही बाजूंनी सारखाच भरून आला होता, इतका की जबड्याची कड कुठे संपते ते दिसत नव्हते, आणि वरची कातडी ताणून तुकतुकीत झाली होती. मी नाव विचारले तेव्हा तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज आला. मुलगा म्हणाला, “आठ दिवसांमागं लई दुखत हुती, आता दुखत न्हाय, नुसतं सुजलंय.” त्या दिवशी बाकावर चारपाच माणसे आधी बसलेली होती आणि त्यांतली एक बाई गाल धरून रडत होती. मी कोणाचाही नंबर न बघता आत गेले. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी त्याला खुर्चीत झोपवले नाही, उभ्याउभ्याच तोंड उघडायला सांगितले. दोन बोटेही नीट जात नव्हती, आणि जीभ खालून कोणी उचलून धरल्यासारखी टाळ्याकडे गेलेली होती. त्यांनी जबड्याखाली बोट दाबले. तिथे पू असल्यासारखे मऊ लागत नव्हते, लाकडासारखे टणक लागत होते.

खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्यात इतकी खोल उतरलेली असतात की त्यांच्या टोकांशी साचलेला जंतुसंसर्ग, तोंडाचा तळ धरून ठेवणाऱ्या स्नायूच्या खालच्या बाजूला पोहोचतो. तिथून तो एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो, जिभेखाली चढतो, जिभेला मागे आणि वर ढकलतो, आणि श्वासाची वाट अरुंद होत जाते. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रिड्रिश फॉन लुडविग यांनी १८३६ साली या आजाराचे वर्णन केले, आणि त्यांच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. अँटिबायोटिके येण्यापूर्वी यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत, आणि मृत्यू बहुधा गुदमरून येई. आज वेळेत पोहोचलेला रुग्ण बहुतांशी वाचतो. मात्र त्याला शिरेतून औषधे लागतात, पुवाला वाट करून द्यावी लागते, आणि श्वासनलिका सांभाळणारा भूलतज्ज्ञ हाताशी असावा लागतो. हे कुठल्याही एकट्या डेंटिस्टच्या खुर्चीत होणारे काम नव्हे.

१०८ ला फोन केला, आणि डॉक्टरांनी मुलाला दोन गोष्टी दोनदा बजावल्या: वडिलांना गाडीत आडवे करायचे नाही, बसवूनच न्यायचे, आणि वाटेत चहापाणी काही पाजायचे नाही. सोलापूर आमच्यापासून सुमारे ७० किलोमीटर आहे. तो माणूस जगला. गळ्यावर दोन आडवे व्रण घेऊन तो काही आठवड्यांनी दुसऱ्या दाढेसाठी आला, तेव्हाही त्याची तक्रार कायम होती की जी दाढ दुखतच नव्हती तिच्यापायी एवढे रामायण कसे झाले. आमच्या डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितले; त्याला पटले असे मला वाटत नाही.

वरच्या दाढांची आणि सुळ्यांची सूज डोळ्याकडे चढते, आणि डोळा झाकला जाऊ लागला, उघडायला त्रास होऊ लागला किंवा दोन-दोन दिसू लागले, तर तोही मोठ्या रुग्णालयाचाच मामला आहे, कारण चेहऱ्यावरच्या शिरांतून संसर्ग मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरेपर्यंत जाऊ शकतो. अशा वेळी लोकांच्या मनात दोन जुन्या समजुती आडव्या येतात. एक, वरची दाढ काढली की डोळे जातात. यात तथ्य नाही, डोळ्याची नस आणि दाढेची नस वेगळ्या आहेत. दुसरी, सूज असताना दाढ काढत नाहीत, आधी सूज उतरू द्यायची. ही दुसरी समजूत अधिक घातक आहे, कारण तिच्यामुळे माणसे घरी बसून सूज उतरण्याची वाट पाहतात. सूज ज्या दाढेमुळे आली ती दाढ उघडणे किंवा काढणे हाच पुष्कळदा सुजेवरचा उपाय असतो. कधी काढायची आणि कधी दोन दिवस थांबायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, शेजारच्या काकूंनी नव्हे.

तोंड न उघडण्याच्या प्रश्नाला आमच्या भागात एक वेगळाच फाटा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे मला आमच्या बाकावर बसलेल्या पोरांच्या दातांवरून कळते. सुपारी आणि गुटखा खाऊन गालाची आतली कातडी हळूहळू पांढरट, दोरखंडासारखी ताठ होते आणि तोंड महिनोन्महिने मिटत जाते. त्यामुळे ‘तोंड उघडत नाही’ असे कोणी म्हणाला की मी लगेच विचारते, कधीपासून? दोन दिवसांपासून म्हणाला, अक्कलदाढेच्या मागे दुखते आहे आणि कणकण आहे म्हणाला, तर तो संसर्ग आहे आणि तो आजच आला पाहिजे. वर्षभरापासून तिखट सोसत नाही, घास मोठा घेता येत नाही, असे म्हणाला, तर आजची रात्र तरी घाईची नाही. पण तो त्या आठवड्यात आला नाही तर मी स्वतः फोन करते. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा, यांनाही हाच नियम लागू. कॅन्सरचे मोठे रुग्णालय गावातच असल्यामुळे आम्हा बार्शीकरांना त्या वाटेने जाणारी माणसे रोज दिसतात, आणि त्यांतली अनेक जण सांगतात की सुरुवातीला दुखत नव्हते म्हणून दाखवले नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनातून उठलेली, साखर वाढलेली माणसे वरचे दात एकाएकी हलू लागले म्हणून येऊ लागली. दातांना कीड नाही, पू फारसा नाही, पण एका बाजूचे रांगेतले चारपाच दात एकदम हलत आहेत, गाल बधिर आहे, नाकातून काळपट येते आहे, असे त्याचे रूप होते. ती म्युकरमायकोसिसची बुरशी होती. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करायला सांगितले, आणि महाराष्ट्रात त्याचे रुग्ण फार होते. त्या दिवसांत दातांच्या डॉक्टरांच्या नजरेला तो आधी पडला, कारण रुग्णाला वाटत होते की आपले दात हलत आहेत. साथ ओसरली, तरी मधुमेह हाताबाहेर गेलेल्या माणसाचे दात कारणाशिवाय एकाएकी हलू लागणे ही आमच्या वहीत अजूनही ‘आत्ता’च्या रकान्यातलीच गोष्ट आहे.

आणि एक ‘आत्ता’ असा आहे की तिथे घड्याळच सगळे ठरवते. शाळेच्या मैदानावर कबड्डीत पोरगा तोंडावर पडतो आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर येतो. अशा वेळी फोन बहुधा शिक्षकांचा असतो, मागे पोरांचा गलका असतो, आणि शिक्षक रक्ताबद्दल बोलत असतात. मी आधी दात कुठे आहे ते विचारते. कायमचा दात असेल, आणि सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाचा पुढचा दात बहुधा तोच असतो, तर तो परत बसवता येतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, कारण खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला त्याने इजा होते. दात चावण्याच्या बाजूने धरायचा, मुळाला हात लावायचा नाही. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने, तेही जवळ नसेल तर गार पाण्याच्या बारीक धारेखाली, काही सेकंदच धुवायचा; घासायचा नाही, रुमालाने पुसायचा नाही. मोठे मूल शुद्धीवर असेल आणि कोणी धीराचा माणूस असेल तर तिथेच खाचेत बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्यायचा. ते जमत नसेल तर दात दुधात टाकायचा. “सर, टपरीवरून दुधाची पिशवी आणा, ग्लासात ओता, दात त्यात टाका आणि निघा,” एवढे मी आता न अडखळता सांगू शकते.

त्या दाताचे मूळ मी एकदा डॉक्टरांच्या चिमट्यात अगदी जवळून पाहिले. ते पांढरे नसते. हस्तिदंती पिवळट असते आणि त्यावर ओलसर, गुलाबी, जेमतेम दिसणारा पापुद्रा चिकटलेला असतो. सगळी धडपड त्या पापुद्र्यासाठी आहे, कारण त्यातल्या जिवंत पेशीच दाताला हाडाशी पुन्हा जोडतात. उघड्या हवेत कोरडा पडला तर तासाभरात त्या बहुतेक मरतात. पहिल्या पाऊण-अर्ध्या तासापेक्षाही पहिली पंधरा मिनिटे सोन्याची असतात. साध्या पाण्यात ठेवला तर पेशी पाणी पिऊन फुटतात, म्हणून धुण्यापुरतेच पाणी चालते, ठेवण्यासाठी नाही. दुधातले क्षार आणि त्याची आम्लता शरीराच्या जवळपासची असल्याने त्यात त्या काही तास तग धरतात. दात बसवल्यावर शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात, धनुर्वाताची लस पाहतात, आणि पुढे नसेचे काय करायचे ते मुळाची वाढ पूर्ण झाली आहे की नाही यावर ठरते. दात नुसता तुटला असेल तर तुकडा घेऊन यावा, तो पुष्कळदा चिकटवता येतो. आणि दात किंवा तुकडा सापडलाच नाही, मुलाला ठसका लागतो आहे, तर तो श्वासनलिकेत तर गेला नाही ना, हे छातीच्या एक्स-रेने पाहावे लागते. याच्या उलट, आमच्याकडची कडक भाकरी आणि भाजलेले शेंगदाणे यांनी मोठ्या माणसांच्या दाढेचा टवका उडतो, तो निवांत दोन दिवसांनी दाखवला तरी चालतो, कितीही धारदार लागत असला तरी.

दाढ काढल्यानंतरच्या रक्ताने मात्र लोक उगीच घाबरतात. थेंबभर रक्त लाळेत मिसळले की तोंडभर लाल दिसते. कापसाचा घट्ट बोळा खाचेवर ठेवून अर्धा तास दाबून चावायचा, आणि त्या अर्ध्या तासात तो काढून बघायचा नाही. बहुतेकांचे रक्त बघण्याच्या हौसेने थांबत नाही. थुंकायचे नाही, चुळा भरायच्या नाहीत, कारण जी गुठळी जखम मिटवते तीच त्याने निघून जाते. दोनतीनदा नीट दाबूनही धार लागलेलीच राहिली, किंवा माणूस रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांवर असेल, तर वेळ न बघता फोन करावा; त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, हृदयाचे डॉक्टर ठरवतील. जांभई देताना जबडा निखळणे हे आणखी एक घाईचे प्रकरण आहे. कीर्तनाला बसलेले एक काका तोंड उघडेच ठेवून रिक्षातून आले होते. जितका उशीर तितके स्नायू ताठरतात आणि बसवणे अवघड जाते, म्हणून अशा माणसालाही बाकावर ताटकळत ठेवत नाहीत.

उरते ते दुखणे जे दातांचे नसतेच. एक बाई डाव्या खालच्या दाढा दुखतात म्हणून आल्या. डॉक्टरांनी एकेक दात ठोकून, गार लावून पाहिला, एक्स-रे काढला, काहीच मिळाले नाही. दुखते कधी, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की पाण्याचा हंडा घेऊन जिना चढताना दुखते आणि वर जाऊन बसले की थांबते. दात जिना ओळखत नाही. डॉक्टरांनी त्यांना दाढेची एकही गोळी न देता शेजारच्या फिजिशियनकडे ईसीजी काढायला पाठवले, आणि तिथून त्या पुढे अँजिओग्राफीला गेल्या. श्रमाने येणारे व विश्रांतीने जाणारे जबड्याचे दुखणे, त्यासोबत घाम, दम, छातीवर ओझे, हे हृदयाचे असू शकते, विशेषतः बायकांत आणि मधुमेही माणसांत. अशा वेळी दंतवैद्याचा नंबर शोधत बसू नये. चेहऱ्याला वारा लागला तरी विजेसारखी सणक जाणे हे चेहऱ्याच्या मज्जातंतूचे दुखणे असते, आणि त्यापायी चांगल्या दाढा काढून घेतलेली माणसे आमच्याकडे येतात.

रविवारी आणि दिवाळीत आमचा दवाखाना बंद असतो, आणि माझा अनुभव असा की सूज नेमकी तेव्हाच येते. पुष्कळांना वाटते की सरकारी दवाखान्यात दातांचे काही नसते. पण जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत, आणि गिळता येत नसेल किंवा श्वास लागत असेल तर दातांचा डॉक्टर शोधण्यात वेळ न घालवता सर्वसाधारण अपघात विभागातच जायचे असते. निघताना साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकावीत, जुना एक्स-रे असेल तर तोही घ्यावा, आणि शेवटचे काय व किती वाजता खाल्ले ते सांगता यावे, कारण भूल द्यायची झाली तर भूलतज्ज्ञ पहिल्यांदा तेच विचारतात.